पुष्पीचं पहिलं वर्ष

१

मच्छिंद्र देवी काढायचा. निजाम सरकारच्या चाकरीत त्याची नऊ वर्षं याच कामात गेली होती. कातडी पिशवीत लसीच्या नळ्या, टोचणी, कापसाचे बोळे आणि एक रजिस्टर घेऊन सकाळी एखादं गाव गाठायचं आणि चावडीपुढं बसायचं. बायका लेकरं घेऊन यायच्या, आणि दुपार होईतो साऱ्या गावात रडारड. इतक्या लेकरांचे दंड त्याच्या हातातून गेले होते, की त्याला वय विचारावं लागत नसे. मान किती सावरतंय, टाळू किती भरलीय, मूठ कशी वळतंय एवढं बघून तो सांगायचा, "हे पोळ्याच्या आसपासचं." आया पदराआड हसायच्या. खरंच पोळ्याचं असायचं.

म्हणून फसली तेराशे बेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे बत्तीसच्या हिवाळ्यात त्याला स्वतःची मुलगी झाली, तेव्हा तो तिच्याकडं बापाच्या आधी देवी काढणाऱ्याच्या नजरेनं बघायला लागला. बदनापुरात स्टेशनमागच्या गल्लीत त्याचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. शेजारी चाँदबी दाई राहायची. बाळंतपण तिनंच केलं. मुलीचं नाव ठेवलं पुष्पा. जुन्या रजिस्टरची मागची पानं कोरी होती, त्यांवर तो रोज एकदोन ओळी लिहायचा. बारावा दिवस, मूठ घट्ट. एकविसावा दिवस, दिव्याकडं बघते.

"काय लिहून राह्यले?" त्याची बायको उषाबाई विचारायची.

"तुझ्या लेकीची हजेरी."

माघात एक दिवस तो दुपारीच घरी आला. दाराला बाहेरून कडी होती. उषाबाई आडावर पाण्याला गेली असणार. आतून काही आवाज नव्हता. पोर झोपली असेल म्हणून त्यानं कडी अलगद काढली.

पुष्पी झोपलेली नव्हती. झोळीत ती टक्क जागी होती. मान दाराकडं कलंडलेली, डोळे दाराच्या फटीवर, आणि श्वास रोखल्यागत गप्प. दार उघडून उजेड आत आला तशी तिची छाती हलली, आणि मग ती रडायला लागली.

उषाबाई घागर घेऊन आली. तिला त्यात नवल वाटलं नाही. "कडी लावली की गप्पच राहती ती. मी येईतो हूं की चूं न्हाई. शहाणी हाय."

"अन् कडी कशाला लावती?"

"कुत्रं शिरंल, न्हाई का?"

मच्छिंद्र पिशवी खुंटीला अडकवत होता. त्याचा हात तिथंच थांबला. मग त्यानं पिशवी अडकवली, हातपाय धुतले आणि रजिस्टर उघडलं. दचकणारी लेकरं त्यानं हजारो बघितली होती. आवाज झाला की लेकरू अंग काढतं, रडतं. कान देऊन वाट बघणारं दीड महिन्याचं लेकरू त्यानं आजवर बघितलं नव्हतं. पण कडीचा आवाज रोजचाच, सवय झाली असेल, असं त्यानं ठरवलं. त्या दिवसाच्या ओळीत त्यानं एवढंच लिहिलं, ऐकू चांगलं येतं.

२

दीड-दोन महिन्यांत लेकरू माणसाच्या तोंडाकडं बघून हसतं. पुष्पी हसायला लागली. उषाबाईकडं बघून हसायची, चाँदबीकडं बघून हसायची, कधी रित्या भिंतीकडं बघूनही हसायची. बापाकडं बघून मात्र नाही. तो झोळीवर वाकला की तिचं तोंड सपाट व्हायचं. रडणं नाही, घाबरणं नाही. नुसतं बघणं.

"मिशांना बुजती, भाई," चाँदबी म्हणाली. "मर्द जात लेकरांना जल्दी पटत न्हाई."

उषाबाईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा छोटा टाक होता. मेलेल्या सवतीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, ही रीतच. त्याच्यावर हात जोडलेली एक बाई कोरलेली. उषाबाई नवं लुगडं आधी त्या टाकाला दाखवायची, "अक्का, तुमी नेसा," म्हणायची आणि मग स्वतः नेसायची. जी बाई तिनं कधी बघितली नाही, तिच्याशी ती अशी सहज बोलायची. पुष्पी अंगावर पिताना तो टाक मुठीत धरून ठेवायची, आणि पीत असताना डोळे वर करून बापाकडं बघायची. लेकरू चकचकीत वस्तू धरतंच, मच्छिंद्र स्वतःला सांगायचा. ते खरंही होतं.

चैत्रात ती पालथी पडली. उषाबाईनं गुळाचा खडा वाटला. मच्छिंद्रानं गोधडी ओसरीकडच्या भिंतीशी टाकून बघितली, मग चुलीकडं टाकली, मग खोलीच्या मधोमध आडवी टाकली. लेकरू बहुधा एकाच अंगावर वळतं. डावं तर डावं, उजवं तर उजवं. पुष्पीला डावं-उजवं नव्हतं. गोधडी कशीही टाका, ती दाराच्या अंगाला वळायची.

त्यानं हे तीन दिवस करून बघितलं. चौथ्या दिवशी उषाबाई म्हणाली, "तिला काय जनावर समजले का? राहू द्या की आता."

त्यानं राहू दिलं.

३

उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत देवी काढायचं काम बंद असतं. उन्हात लस नासते आणि पावसात वाटा बंद. मच्छिंद्र घरीच होता.

जेठात पुष्पीला सहा महिने झाले आणि उष्टावण केलं. शेजारच्या चार बायका आल्या. मऊ भात तिनं दोन बोटं चाखला आणि थुंकून टाकला. मग उषाबाईनं पितळी वाटीतून चमचाभर पाणी तिच्या तोंडाला लावलं.

सहा महिन्यांचं लेकरू पाण्याचे दोन चमचे पितं, तिसऱ्याला तोंड फिरवतं. पुष्पीनं चमच्याला हात मारला आणि वाटीच धरली. दोन्ही तळहातांनी, बराबर दोन्ही बाजूंनी, मोठ्या माणसागत. एवढ्या वयाच्या लेकराला तसं धरता येत नाही, हे त्या खोलीत एकट्या मच्छिंद्राला कळत होतं. बायका कौतुक करत होत्या. ती प्यायली. मधे श्वास घ्यायला थांबली आणि पुन्हा प्यायली. वाटी संपली तशी उषाबाई ती काढून घ्यायला लागली, तर पोर सोडेना. वाटीत तोंड घालून, बोट घालून ती बूड खरवडायला लागली. पितळेवर नखाचा आवाज येत राहिला, बारीक, सारखा.

"तहानलेली होती लई," एक बाई म्हणाली.

"द्या गं अजून तिला," मच्छिंद्र म्हणाला. त्याचा आवाज मोठा निघाला. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं.

दुसरी वाटीही ती प्यायली. पितानाचे तिचे डोळे वाटीच्या काठावरून त्याच्यावर होते.

त्या दिवशी त्यानं रजिस्टरात काही लिहिलं नाही.

४

त्याला काय आठवलं ते सांगायलाच हवं, कारण त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

पाच वर्षांमागं तो धावड्याला, आपल्या गावी राहायचा. द्वारकाबाई ही त्याची पहिली बायको. त्या साली गाठीची साथ आली. घराघरांत उंदीर पडले, तसं गाव रानात निघालं. ज्यानं त्यानं आपल्या वावरात खोपट घातलं. मच्छिंद्र, त्याची आई झुंबरबाई आणि द्वारकाबाई निघायच्या तयारीत होते, आणि निघायच्या सकाळीच द्वारकाबाईला ताप भरला. दुपारी जांघेत गाठ आली. तिला पाचवा महिना होता.

झुंबरबाई म्हणाली, "ती जातीच आता. तिच्यापायी तू जाऊ नको."

मच्छिंद्राला साथीतलं कळत होतं. गाठ आलेली माणसंही कधीकधी जगतात, हेही त्याला कळत होतं. तरी त्यानं पाण्याचं एक मडकं तिच्या उशाशी ठेवलं, बाहेर आला आणि दाराला कडी घातली.

आतून ती म्हणाली, "अवं, कडी कशाला?"

"कुत्रं शिरंल," तो म्हणाला. "सकाळी येतो."

ओट्यावरून उतरताना मागून आवाज आला. दाराच्या अगदी खालच्या फळीवर, तळहात सपाट करून मारावा तसा. एकदा. मग बराच वेळ काही नाही. मग दोनदा. झुंबरबाईनं त्याचं मनगट धरलं होतं. "मागं बघू नको," ती म्हणाली, आणि दोघं वावराकडं गेले.

साथीत मेलेल्यांची नावं भोकरदनच्या तहसिलीत कळवायचं काम त्याच्याकडंच होतं. त्याच सांजेला त्यानं खोपटात बसून यादी केली आणि तिच्यात बायकोचंही नाव लिहून टाकलं. मेल्याचा दिवस तोच टाकला. ती तेव्हा जिवंत होती.

सकाळी तो गेला नाही. दुसऱ्या दिवशीही गेला नाही. चौथ्या दिवशी गेला, तेव्हा कडी निघाली पण दार उघडेना, कारण ती दाराला लागूनच पडलेली होती. मडकं आडवं होतं, आत कोरडं. त्यानं गावाला सांगितलं, त्याच सांजेला गेली बिचारी. गावानं ऐकून घेतलं; त्या महिन्यात कुणाच्याही घरी सांगण्यासारखं काही कमी नव्हतं. पुढं त्यानं धावडा सोडलं, बदनापूरला आला आणि दुसरं लग्न केलं.

एवढंच झालं होतं. त्याच्याशी सहा महिन्यांच्या पोरीच्या तहानेचा काही संबंध नाही, असं तो दिवसातून दहादा स्वतःला सांगायचा. दिवस उकाड्याचे होते. लेकरांना तहान लागते.

५

श्रावणात पुष्पी रांगायला लागली, आणि झुंबरबाई नातीला बघायला आली. येताना शेंगदाण्याचे लाडू आणि निवडायला म्हणून घरचे हरभरे घेऊन आली होती. म्हातारीला रिकामं बसवत नसे.

पावसाची झड आत येत होती म्हणून दार लोटून घेतलं होतं. उषाबाई चुलीशी. झुंबरबाई सूप मांडीवर घेऊन निवडत होती आणि धावड्याची खबरबात सांगत होती. कडूबाचं लगीन झालं, पुंजारामाचा बैल गेला. मच्छिंद्र हूं हूं करत होता. पुष्पी त्याच्या पायाशी होती, ती निघाली.

ती सरळ दाराशी गेली. तिथं पालथी पडली, गाल उंबऱ्याला लावला, तोंड फटीशी नेलं. मग एक हात वर केला आणि तळहात सपाट करून खालच्या फळीवर मारला.

थप्.

लेकरं हाताला येईल त्याच्यावर आपटतात. आपटतात ती सारखी आपटतात, आवाजाची मजा वाटते म्हणून. पुष्पीनं हात तसाच फळीवर ठेवला. तिच्या तोंडावर मजा नव्हती. ती ऐकत होती. पत्र्यावर पाऊस वाजत होता, चुलीत काटक्या तडतडत होत्या. एवढा वेळ गेला की मच्छिंद्राला वाटलं, झालं, संपलं.

थप् थप्.

सुपातला हरभऱ्यांचा आवाज बंद झाला होता. मच्छिंद्रानं आईकडं बघितलं. झुंबरबाई त्याच्याकडंच बघत होती. तिचा खालचा ओठ सुटला होता आणि मूठभर हरभरे बोटांतून एक एक करून सुपात पडत होते.

"मला टेशनावर सोड," ती म्हणाली.

"आत्याबाई, आताच तर आल्या," उषाबाई वळून म्हणाली. "जेवून तरी घ्या."

"नगं मला. गाडी हाय आता."

गाडीला दोन तास अवकाश होता. भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन मायलेक स्टेशनावर जाऊन बसले.

"तिला कुणी शिकवलं?" झुंबरबाईनं विचारलं.

"लहान लेकरं आपटत्यातच."

"मच्छिंद्रा, ते ऐकलेले दोघंच होतो आपण."

त्यानं खोळ डोक्यावरून पुढं ओढली.

"मी न्हाई लावली कडी," म्हातारी रुळांकडं बघत म्हणाली. "कडी तू लावली."

"तूच म्हणालीस."

"मी जाऊ नको म्हणाले. कडी लाव म्हणाले न्हाई."

गाडी आली. ती चढली, खिडकीपासून लांब जाऊन बसली आणि गाडी हलली तरी तिनं पोराकडं बघितलं नाही. पुढं ती पुन्हा कधी बदनापूरला आली नाही. निवडायचे राहिलेले हरभरे बरेच दिवस डब्यात तसेच पडून होते.

मच्छिंद्राच्या मनात आजवर जो एक शहाणा माणूस बसून हरेक गोष्टीचा उलगडा करायचा, तो त्या दिवसापासून बोलायचा थांबला.

६

दसरा तोंडावर आला होता. पुष्पीला दहावा महिना. ती धरून उभी राहायची, दोन दात वर आणि दोन खाली आले होते, अंगानं गुटगुटीत होती. चाँदबी म्हणायची, "अशी तबियतीची पोर आपल्या गल्लीत दुसरी न्हाई." आणि तेही खरं होतं.

एका दुपारी मच्छिंद्राचा जेवल्यावर डोळा लागला. उषाबाई धुणं घेऊन आडावर गेली. तो आत झोपलाय हे तिच्या ध्यानात होतं, पण हाताला सवय. जाताना तिनं कडी ओढली. त्याला जाग आली ती त्या आवाजानं.

खोलीत दुपारचा पिवळा उजेड होता. खिडकीतून तो जमिनीवर पडला होता, आणि त्याच्या कडेला पुष्पी बसली होती. दाराकडं पाठ करून, त्याच्याकडं तोंड करून. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

"अवं," ती म्हणाली.

तिचा हा पहिला शब्द. उषाबाई दिवसातून पन्नासदा त्याला तशीच हाक मारायची, तेव्हा पोरीनं दुसरं काय उचलावं? बाहेर कुणी ऐकलं असतं तर हसून लोटपोट झालं असतं, पोर बापाला नवरा समजती म्हणून. पण लेकरू नवा शब्द बोलतं ते ओरडून बोलतं, पुन्हा पुन्हा बोलतं, स्वतःच खूश होतं. पुष्पी हळू बोलली, शेजारी ऐकायला जाऊ नये असं. आणि बोलून थांबली. जबाब यायला जेवढा वेळ लागावा तेवढा वेळ तिनं सोडला.

"अवं."

पुन्हा तेवढाच वेळ. तिच्या कपाळावर एक आठी पडली होती. रागाची नव्हे, न कळल्याची.

"अवं."

तो उठला आणि भिंतीला घसटत, तिच्यापासून जमेल तेवढं अंतर ठेवून दाराशी गेला. दार ओढलं, उघडलं नाही. त्यानं उषाबाईच्या नावानं हाक मारली, मग मुठीनं फळ्या बडवल्या. घामानं सदरा पाठीला चिकटला. उषाबाई ओल्या हातांनी पळत आली आणि तिनं कडी काढली, तर नवरा उंबऱ्यावरून ओट्यावर कोसळला. आत पोर तशीच बसलेली, बापाच्या पाठीकडं बघत.

७

त्यानं त्याच सांजेला सगळं सांगितलं. उषाबाई भाकरी थापत होती. सुरुवातीला तिचे हात चालू होते. सांगता सांगता तो मडक्यापाशी आला तेव्हा ते थांबले. तव्यावरची भाकर काळी पडली, धूर झाला, तरी तिनं उलटली नाही.

"किती दिस?" तिनं विचारलं.

"चौथ्या दिवशी गेल्तो."

"तुमचं न्हाई विचारलं. त्या किती दिस जगल्या?"

"ठाव न्हाई."

"तुमाला लेकराचं बोट बघून महिना कळतो," उषाबाई म्हणाली. "अन् हे कळलं न्हाई."

त्याला वाटलं होतं ती रडेल, कपाळ बडवेल, देवऋषी गाठा म्हणेल. निदान पोरीला छातीशी धरून म्हणेल की हे सगळं खोटं हाय, तुमच्या डोक्यात हाय. त्या एका गोष्टीची त्याला फार आशा होती. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"मला वाटायचं, पोरीला बापाचा धाक हाय," ती म्हणाली. "हिवाळ्यात तुमी गावोगाव फिरत होते, तवा कडी लावली की ती गप्प राहायची, एवढंच. ते मला बरंच वाटायचं. पण हसायची, खेळायची. ह्या सहा महिन्यांत तुमी चार दिस जालन्याला गेल्ते ना, रजिस्टरं द्यायला? त्या चार दिसांत ती एकदाबी दाराशी गेली न्हाई, वाटीभर पाणी मागितलं न्हाई. मी कडी लावली तर आत बोलत बसलेली असायची. तिच्या भाषेत, आपली आपण. तुमी आले अन् पुन्हा हे सुरू झालं."

"म्हंजे काय?"

"म्हंजे तुमी नसले की ह्या घरात काहीच न्हाई. बिलकुल काही न्हाई." तिनं जळालेली भाकर काढून बाजूला ठेवली. "काम सुरू झालं की तुमी जावा. अन् जल्दी येऊ नका."

"उषा, ती माझी बी पोर हाय."

"अक्काच्या पोटातलं बी तुमचंच होतं," उषाबाई म्हणाली, आणि नवी भाकर थापायला घेतली.

८

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र पिशवी घेऊन निघाला. त्यानं लांबची गावं मागून घेतली. कुठल्या चावडीत, कुठल्या मारुतीच्या पारावर राहायचा. दिवसभर दुसऱ्यांची लेकरं धरायचा, आणि ती रडली की त्याला बरं वाटायचं. एखादं दहा-अकरा महिन्यांचं समोर आलं की हात थोडा रेंगाळायचा. आता पुष्पीला पाचवा दात आला असेल. आता ती न धरता उभी राहत असेल. त्याच्या रजिस्टरची मागची पानं आता कोरीच राहत होती.

मार्गशीर्षात तिला वर्ष पुरं झालं. त्या दिवशी त्याला राहवलं नाही. जालन्याहून त्यानं कुंची आणि झबलं घेतलं आणि दुपारच्या पॅसेंजरनं बदनापूरला उतरला. घरात जायचं नाही, हे त्यानं गाडीतच ठरवलं होतं. बघायचं आणि पुडकं कुणाच्या तरी हाती देऊन परतायचं. गल्लीच्या वळणावर एक लिंबाचं झाड होतं. त्याच्या बुंध्याआड उभं राहिलं की आपलं अंगण दिसायचं आणि तिथून इकडचं दिसायचं नाही.

ऊन कोवळं होतं. अंगण नुकतं सारवलेलं. उषाबाई तुळशीपाशी उकिडवी बसून दोन्ही हात पुढं पसरून होती, आणि तिच्या समोर चार-पाच हातांवर पुष्पी उभी होती. पोरीनं बाळसं धरलं होतं. ती हसत होती, सगळं तोंड उघडून, दात दाखवून. बापानं तिचं ते हसणं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. उषाबाई खरं बोलली होती. पोर चांगली होती. आपण नसलो म्हणजे ती चांगली होती.

पुष्पी चालायला लागली.

एक पाऊल, दुसरं, तिसरं. मच्छिंद्राची नजर सवयीनं पायांकडं गेली, मग गुडघ्यांकडं, मग वर. नवं चालणारं लेकरू तोल सांभाळायला दोन्ही हात सारखे पसरतं. पुष्पीचा डावा हात पसरलेला होता. उजवा सरळ वर होता, कानाजवळून, मूठ वळलेली. त्या बाजूचा खांदा ओढल्यागत उचललेला. दर पावलाला ती डावीकडं झोकांडायची आणि डावा पाय जमिनीवर पुरा टेकायच्या आत सावरली जायची. तिचं अर्धं वजन त्या उजव्या हाताला होतं. अशी चालणारी लेकरं त्यानं हजारदा बघितली होती. मोठ्या माणसाचं बोट धरून चालणारं लेकरू असंच चालतं.

तिच्या उजवीकडं अंगण मोकळं होतं. सारवणावर ऊन पडलं होतं, बाकी काही नव्हतं.

पाच-सहा पावलं ती तशी आली. उषाबाईनं मान वर केली. पोरीकडं नाही, पोरीच्या अंमळ वर, माणसाचं तोंड असावं तिथं तिनं बघितलं आणि हसून म्हणाली,

"अक्का, सोडा आता. येती ती. येऊ द्या तिला."

पुष्पीची मूठ उघडली. हात खाली आला. ती गचकन एका बाजूला कलली, पडली नाही. उभी राहून सावरली, आणि मग दोन्ही हात पसरून, एकटी, तीन पावलं धावत आईच्या गळ्यात पडली.

मच्छिंद्रानं पाठ फिरवली. चाँदबी असेल, तो स्वतःशी म्हणाला. चाँदबी भिंतीला टेकून उभी असेल, इथनं दिसत नसेल. दाईच ती, चालायला तीच शिकवत असेल. उषा आता तिलाच अक्का म्हणत असेल. पुडकं त्यानं छातीशी धरलं होतं. तो जल्दी जल्दी चालत गल्लीच्या तोंडाशी आला.

समोरून चाँदबी येत होती. डोक्यावर बाजाराची पाटी, पाटीत वांगी आणि कोथिंबीर, चपला धुळीनं पांढऱ्या झालेल्या. त्याला बघून ती थांबली.

"भाई, कधी आले? घरी न्हाई गेले?"

"न्हाई."

"जावा की मंग. पोरगी चालून राह्यली आता."

"बघितलं," मच्छिंद्र म्हणाला. पुडकं त्यानं तिच्या पाटीत ठेवलं आणि तो स्टेशनाकडं चालायला लागला.